मधल्या खोलीतली हवा

"दुरुस्तीले बाईमाणूस आणलं का बे?" मधल्या खोलीतून आवाज आला. आवाजाला धाप होती, पण थट्टाही होती.

"ताई आहे बाबा, झाडे ताई. बसस्टँडजवळ दुकान आहे न, ते. मी यायच्याचकडे शिकलो," नितेश तिकडे ओरडून म्हणाला. मग मला हळू आवाजात, "तुम्ही सरळ मागं चला ताई. बाबांजवळ बसल्या तर संध्याकाळ होईन."

मला कोणी सरळ चल म्हटलं की मी वळते. आई याला खोड म्हणायची, सासू आणखी काहीतरी म्हणायची. मी मधल्या खोलीत वळले.

चंद्रपुरातला मे महिना होता. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण त्या खोलीत शिरताना अंगावर आलेली हवा अजून आठवते. बाहेर ऊन असं की रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि आत बाहेरच्यापेक्षा जास्त उकडत होतं. खाटेवर नितेशचे वडील, कवडूजी पिंपळकर, उशांना टेकून बसले होते. नाकात नळी होती. नळीचं दुसरं टोक खाटेच्या पायथ्याशी ठेवलेल्या एका पांढऱ्या मशीनला जोडलेलं. हे मशीन खोलीतलीच हवा ओढतं आणि तिच्यातला ऑक्सिजन वेगळा करून नळीत सोडतं. जन्म कोळशाच्या खाणीत काढल्यावर कवडूजींच्या छातीत स्वतःच्या बळावर श्वास घेण्याइतकं काही उरलं नव्हतं. मशीन बंद पडलं तर त्यांच्याजवळ किती वेळ असेल ते डॉक्टरांनी घरच्यांना सांगून ठेवलं होतं. तो फार नव्हता.

"कोनत्या झाड्याची तू?" त्यांनी विचारलं.

"मूल गावच्या जी."

"मंग आपलीच आहे." त्यांनी श्वास घेतला. "या पोट्ट्यानं मागच्या खोलीत खाण टाकली म्हणते. म्या इचारलं, किती टन निघते? म्हणते, बाबा, ते दिसत नाही. बाप्पा! आमच्या साहेबाले म्या असं सांगतलं असतं, का आज लई कोळसा काढला पण दिसत नाही, तर..." पुढचं बोलायला हवा पुरली नाही, म्हणून त्यांनी हातानंच हाकलून दिल्याची खूण केली.

मी हसले. तेही हसले आणि ते हसणं खोकल्यात गेलं. त्यांची सून प्रणाली पदराला हात पुसत आली आणि सासऱ्यांची पाठ चोळू लागली. नितेशनं दारातूनच माझी अवजारांची पिशवी उचलली आणि तो मागे चालू लागला. पिशवी गेली म्हटल्यावर मलाही जावंच लागलं.

मागच्या खोलीत तीन रिग होत्या. रिग म्हणजे ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा एक सांगाडा, त्यावर उघडा मदरबोर्ड, आणि ओळीनं टांगलेली सहा-सहा ग्राफिक कार्डं. त्यांनी रात्रंदिवस आकडेमोड करायची आणि त्या बदल्यात इंटरनेटवरचं एक नाणं कणाकणानं कमवायचं, असा तो उद्योग. त्याला सगळे माइनिंग म्हणत. त्या वर्षी गावोगावची पोरं त्यापायी वेडी झाली होती, आणि गेम खेळायला हवं म्हणून कार्ड मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला मी हात जोडून परत पाठवत होते. नितेशनं नोकरी सोडून वडिलांच्या फंडाचा पैसा यात घातला होता. हिवाळ्यात नाणं आभाळाला टेकलं होतं. आता ते रोज उतरत होतं.

"रोज दुपारी बंद पडते, ताई," तो म्हणाला. अठरा कार्डांच्या पंख्यांवरून आवाज चढवून बोलावं लागत होतं. "तिन्ही एकदम. जरा वेळ बंद राहते, मंग आपोआप चालू होते."

"आपोआप जगात काही होत नाही, नितेश. हे मी तुला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं."

"म्हणून तर तुमाले बोलावलं न."

मी कामाला लागले. एका रिगचं वीज देणारं कनेक्टर काळं पडलं होतं. कार्ड आणि बोर्ड यांच्यामधल्या पट्टीला त्यानं स्वस्तातली बारीक वायर लावली होती. मी ती त्याच्या नाकासमोर धरली. "ही वायर हार्ड डिस्कची आहे. एवढा भार तिच्यावर टाकलास तर एक दिवस घर पेटवशील." त्यानं मान खाली घातली. पण हे काही त्याच्या रोगाचं कारण नव्हतं. एक कनेक्टर जळलं तर एक रिग पडेल. तिन्ही एकदम पडतात म्हणजे रोग रिगमध्ये नाही, विजेत आहे. मी मीटर लावून पाहिला. वीज चांगली येत होती.

"मदरबोर्डाचा भोंगा कुठे आहे?" मी विचारलं. काही बिघडलं की बोर्ड पी-पी करून सांगतो, त्यासाठी एक बोटभर भोंगा असतो. तिन्ही बोर्डांवर त्याची जागा रिकामी होती.

"काढून टाकले. बीप डोकं उठवते, ताई. फोनवर आकडा दिसतेच न." त्यानं फोन दाखवला. तो फोन त्याच्या हातातून खाली असा राहतच नव्हता. बोलता बोलता अंगठ्यानं तो पडदा सारून पाही, आणि आकडा जागेवर असला की त्याचा चेहरा जरा सैल होई.

मला मात्र दुसरंच खटकत होतं. खिडकीला कूलर होता आणि तो कार्डांवर थंड हवा मारत होता. ती कार्डांतून गरम होऊन निघाली की कुठेतरी जायला हवी. मागच्या भिंतीतल्या एक्झॉस्ट पंख्याच्या भोकाला पत्रा ठोकलेला होता.

"ही भिंत पश्चिमेची आहे न. दुपारी वाऱ्याची गरम लू उलटी आत घुसते," नितेश म्हणाला. "मंग पंखा तिकडं फिरवला."

त्यानं दाखवलं तिकडे मी पाहिलं. मधल्या खोलीच्या भिंतीत छताजवळ झरोका होता आणि त्यात तो पंखा बसवलेला होता. अठरा कार्डांची धग सरळ कवडूजींच्या खोलीत जात होती.

"अरे, तुझ्या बापाच्या अंगावर भट्टी सोडलीस की!"

"वरून जाते ताई. गरम हवा वरच राहते."

"आणि त्यांच्या डोक्यावरचा पंखा ती खाली आणत असेल, ते? आणि ते मशीन काय ओढत असेल?"

"मशीन बरोबर चालते. त्यातली हवा मोजायची गोळी पाहतो न मी रोज, पाचवर असते." तो फोनकडे पाहत बोलत होता. "हवेचं करू न ताई. आधी हे बंद काहून पडते ते पाहा. असं थांबत-थांबत चाललं तर माहं काही निघत नाही यातून."

मी चिडले. चिडले की मी माणसाला कामाला लावते. जाड वायर आण, चांगले कनेक्टर आण, असं सांगून मी त्याला बाजारात पिटाळलं. त्यानं डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि गाडी काढली.

तो गेल्यावर थोड्या वेळानं भिंतीपलीकडून धातूवर धातू आपटल्याचा आवाज आला. एकच. कोणी पेला ठेवला असेल असं वाटून मी लक्ष दिलं नाही. मग तिन्ही रिग एकदम बंद पडल्या. पंखे मंदावत थांबले, कूलरही थांबला. इतका वेळ त्या आवाजात वावरल्यावर कान बधिर झाल्यासारखे वाटले. पण छताचा दिवा चालू होता, म्हणजे वीज गेली नव्हती.

मी बोळीत आले. तिथे विजेच्या बोर्डासमोर प्रणाली उभी होती. एक हात कणकेनं भरलेला, दुसरा हात बटणावर. मला पाहून ती दचकली.

"यायले नका सांगू ताई," ती नवऱ्याबद्दल म्हणाली. "तुमच्या पाया पडते."

"रोज तूच बंद करतेस?"

"मामाजी ठोकते तवा." मामाजी म्हणजे सासरे. "एक ठोका म्हणजे थांबव. खाणीत ते हॉलेजवर होते न, कोळशाचे डबे दोरीनं ओढायचं इंजिन चालवे. खालून घंटा येई. चालत्या दोरीले एक घंटी आली का थांबवाची, तीन आली का ओढाची. त्यायनंच शिकवलं मले. लई घाबरं झालं का एक ठोकते. मी बंद करते. हवा जराशी निवली, श्वास मोकळा झाला, का तीन ठोकते."

"तीन? म्हणजे परत सुरू करायला तेच सांगतात?"

तिनं मान डोलावली. मी मधल्या खोलीत गेले.

मघाशी माझी थट्टा करणारा माणूस तो हाच, यावर विश्वास बसेना. ओठ जांभळट झाले होते. गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. हातात स्टीलचा पेला होता आणि तो खाटेच्या लोखंडी नळीला टेकलेला. आता घरात दुसरा आवाज नव्हता, त्यामुळे ऑक्सिजनच्या मशीनची घरघर ऐकू येत होती. मी खुर्ची ओढून जवळ बसले. हळूहळू तो खड्डा भरत आला, ओठांचा रंग पालटला.

"सांगतलं वाटते तिनं," ते म्हणाले.

"काकाजी, तुम्ही त्याला का सांगत नाही?"

"सांगतलं तर बंद करीन न तो."

"मग करू दे की!"

"करीन. अन् मंग जन्मभर म्हणीन, बापापायी बुडालो." ते थांबले, श्वास घेतला. "म्या माह्या बापाले असंच म्हनत आलो. मॅट्रिक होऊ नाही देलं, खाणीत घातलं. म्हातारा मरेस्तोवर म्या त्याच्याशी धड बोललो नाही. मले नाही पाहिजे माह्या पोरानं तसं..." पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. मग पेला उचलला आणि माझ्यासमोर, अगदी शांतपणे, तीनदा ठोकला. बोळीत बटण वाजलं. मागे अठरा कार्डांचे पंखे फिरू लागले आणि मशीनची घरघर त्या आवाजात बुडून गेली.

"तूही नको सांगू," ते म्हणाले. "मुलीसारखी आहे."

"मी सांगणार," मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि त्याचा मला राग येत होता. "मी कोणाची मुलीसारखी वगैरे नाही. मी मिस्त्री आहे. काय बिघडलं ते सांगायचे मी पैसे घेते."

ते हसले. या वेळी खोकला आला नाही.

नितेश परतला तेव्हा मी त्याला अंगणातच, गाडीवरून उतरू न देता गाठलं. सगळं सांगितलं. एक ठोका, तीन ठोके, जांभळे ओठ, सगळं. तो दुपट्टा न सोडता ऐकत होता.

"मले वाटे पाण्यासाठी ठोकते," तो म्हणाला. "मी म्हणे प्रणालीले, जा, बाबांले पाणी पाहिजे."

मग त्यानं गाडीच्या हँडलवर डोकं ठेवलं आणि तो रडला. खोटं कशाला सांगू, माझा जीव भांड्यात पडला. रडणारा माणूस सुधारतो असं मला तेव्हा वाटायचं.

"विकून टाकतो, ताई," तो नाक पुसत म्हणाला. "नागपूरचा एकजण मागून राहिला तिन्ही. मीच नाही म्हणत होतो. आजच फोन करतो. तुम्ही उद्या दुपारी येता का उतरवाले? नीट पॅक करून देऊ."

"येते. आणि तो झरोका?"

तो तसाच आत गेला, टेबलावर चढला, तो पंखा बंद केला आणि झरोक्यात पोत्याचा बोळा गच्च कोंबला. रिगही बंद केल्या. मधल्या खोलीतून कवडूजी "काय करून राहिला बे?" म्हणून ओरडले आणि नितेश पहिल्यांदाच हसून म्हणाला, "खाण बंद करून राहिलो, बाबा!" प्रणालीनं मला कैरीचं पन्हं दिलं. मी घरी आले ती अशा थाटात की जणू जग जिंकलं. त्या रात्री मला छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद करून मी कार्डं बांधायला बबल रॅपची गुंडाळी घेऊन निघाले. फाटकाशी गाडी लावली आणि हात कडीवरच थांबला. आतून तोच आवाज येत होता, अठरा कार्डांच्या पंख्यांचा.

प्रणालीनं दार उघडलं. ती हसत होती आणि तिनं ओठांवर बोट ठेवलं होतं.

"हळू बोला ताई. मामाजी झोपले. आज बरं वाटून राहिलं वाटते त्यायले. सकाळपासून एकदाही ठोकलं नाही."

"रिग कशा काय चालू आहेत?"

"ते नागपूरवाल्याची अट आहे न." तिनं मला सांगितलं. माइनिंगमध्ये वापरलेली कार्डं विकत घेणारा माणूस आधी एक गोष्ट पाहतो. ती एक पूर्ण दिवस-रात्र न अडखळता चालली पाहिजेत. मध्ये एकदा जरी रिग बंद पडली तरी तो म्हणतो, माल खराब आहे, भाव पाडा. मलाही ते ठाऊक होतं. मी स्वतः गिऱ्हाइकांना तोच सल्ला देत असे, पण त्या घरात ते घडेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. नितेश पहाटेच नागपूरला त्या माणसाला आणायला गेला होता.

"रात्री हे बसले मामाजीजवळ," प्रणाली म्हणाली. "म्हणाले, बाबा, आतापासून उद्या संध्याकाळपर्यंत फक्त. मंग हे सगळं जाते घरातून. ठोकू नका. मामाजी म्हणाले, जाय, एका दिवसानं काय होते, खाणीत डबल पाळ्या केल्या म्या. अन् हे पाहा, माह्यावर भरवसा नाही म्हणून."

तिनं बोळीतल्या बोर्डाकडे बोट दाखवलं. बोर्डाच्या पत्र्याच्या झाकणाला कुलूप होतं. मागच्या खोलीच्या दारालाही होतं.

बबल रॅपची गुंडाळी हातातून कुठे ठेवली ते आठवत नाही. मी मधल्या खोलीत गेले. दारातच पायाला काहीतरी लागलं. ते पोतं होतं. कार्डं तापू लागल्यावर नितेशनं ते झरोक्यातून काढून टाकलं असणार, आणि तिथला पंखा जोरात फिरत होता. खोलीत श्वास घेववत नव्हता.

कवडूजी भिंतीकडे तोंड करून निजले होते. नळी नाकात होती.

"मशीन चालू आहे ना?" मी विचारलं.

"हो न. आवाज येते न," प्रणाली म्हणाली.

मी वाकून पांढऱ्या मशीनवर हात ठेवला. चालू मशीन हाताला थरथरतं. ते थरथरत नव्हतं. डबा तव्यासारखा तापला होता, काचेच्या नळीतली गोळी तळाला बसली होती आणि पुढचा दिवा विझलेला होता. अति तापल्यावर ते आपलं आपण बंद झालं होतं. कधी, ते कोणाला कळणार? घरभर पंख्यांची घरघर चालू होती, आणि त्या घरघरीत एक आवाज कमी झाला तर तो कोणाच्या कानाला कळावा?

मी कवडूजींना माझ्याकडे वळवलं. त्यांच्या दोन्ही मुठींत चादर होती. त्यांनी ती इतकी घट्ट आवळून धरली होती की अंगाबरोबर सगळी चादर ओढली गेली. पेला उशाशी, हाताच्या अंतरावर होता. मी गळ्याला बोट लावलं, नाकापाशी हात धरला. मला कळलं.

"मामाजी?" प्रणाली म्हणाली. "मामाजी, उठा न. ताई आल्या."

मी तिच्याकडे पाहिलं आणि ती खालीच बसली. "पण आवाज तर येत होता न, ताई," ती म्हणाली. "सकाळपासून आवाज येत होता. मी दोनदा येऊन पाहून गेली. आवाज येत होता."

पुढचं सगळं कोणीतरी दुसऱ्यानं केल्यासारखं आठवतं. शेजारच्या मावशींना हाक मारली. त्यांचा मुलगा डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टर जेमतेम दोन मिनिटं थांबले आणि त्यांनी मान हलवली. नितेशला प्रणालीनं फोन केला आणि "लवकर या" एवढंच म्हणून ठेवून दिला. बायका जमू लागल्या. मागे रिग चालूच होत्या. कुलपाची किल्ली त्याच्याकडे होती आणि ते तोडावं हे कोणाला सुचलं नाही. आता तोडून काय करायचं होतं?

माझे हात मात्र स्वस्थ बसेनात. मी पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि ऑक्सिजनच्या मशीनचं मागचं झाकण उघडलं. अशा मशीनला भोंगा असतो. तापलं, वीज कमी-जास्त झाली, की ते गल्लीला ऐकू जाईल असं ओरडतं. आत भोंगा होता. त्याला जाणारी वायर कापलेली होती. नुसती तोडलेली नव्हे. दोन्ही टोकं नीट सोलून, त्यावर काळी नळी चढवून, ती तापवून बंद केलेली. काम स्वच्छ होतं. तसं काम त्या गावात दोनच माणसं करत, आणि त्यातल्या एकाला मीच शिकवलं होतं.

"हे कधी केलं त्यानं?" मी प्रणालीला विचारलं.

"होळीच्या वेळी," ती म्हणाली. "रिग चालू केल्या का ते पी-पी करे. हे म्हणाले, बाबांची झोप मोडते."

यात लबाडी नव्हती, हे मला आजही वाटतं. त्याला खरंच वडिलांच्या झोपेची काळजी होती. मला त्याचा इतका राग आला होता की तो समोर असता तर मी हातातला स्क्रू ड्रायव्हर फेकून मारला असता.

ऊन उतरायला लागलं तेव्हा एक मोठी गाडी फाटकाशी थांबली. नितेश उतरला आणि त्याच्या मागून एक पोक्त गृहस्थ उतरले, हातात पैशांची कातडी बॅग. अंगणातली माणसं पाहून नितेश थबकला. लोक बाजूला झाले. तो आत गेला, खाटेपाशी गुडघ्यावर बसला आणि त्यानं वडिलांच्या पायांवर हात ठेवला. तो रडला नाही. आदल्या दिवशी माझ्यासमोर इतका रडलेला माणूस डोळे कोरडे ठेवून वडिलांच्या पायांची बोटं एकेक करून सरळ करत राहिला.

नागपूरचे गृहस्थ चपला काढून दारात उभे होते. त्यांना काय करावं कळत नव्हतं. "भाऊ, मी जातो," ते हळूच म्हणाले. "हे नंतर पाहू. हे काही बोलायची वेळ नाही."

ते ऐकून नितेश उठला. कोणी झोपेत चालावं तसा तो बोळीतून मागे गेला, किल्ली काढली, मागच्या खोलीचं दार उघडलं. त्याला एकटा सोडू नये म्हणून ते गृहस्थ त्याच्या मागे गेले, आणि त्यांच्या मागे मी. आत छोट्या पडद्यावर हिरवे आकडे धावत होते. वरच्या कोपऱ्यात रिग किती वेळ सलग चालली त्याचा आकडा होता, आणि तो अजून वाढतच होता.

नितेशनं त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"पाहा भाऊ," तो म्हणाला. "एकदाही बंद नाही पडली."

गृहस्थांनी हात जोडले. "राहू द्या हो. असू द्या."

"नाही, पाहा न तुम्ही. रात्रीपासून. एकदाही नाही." त्याचं बोट काचेवरून हलत नव्हतं. "तुम्ही म्हणत होते न, मधातच बंद पडते म्हणून. पाहा."

प्रणाली कधी येऊन दारात उभी राहिली ते मला कळलं नाही. ती पुढे आली, त्याच्या दुसऱ्या हाताची मूठ उघडून तिनं किल्ल्यांचा जुडगा काढून घेतला.

"पडली नाही," ती म्हणाली. "मामाजीनं पडू नाही देली."

मग ती बोळीत गेली आणि बोर्डाचं कुलूप काढू लागली.